अनवाणी चालायचं अंगण

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. देवाजीनं ते रिटायर झाल्यावर पाहिलं, म्हणजे अंगात काही बघायची ताकद उरली नव्हती तेव्हा. भिलाईच्या कारखान्यात माणूस लागतो त्या दिवशीच त्याला ठाऊक असतं की क्वार्टर आपलं नाही. पण तिथंच मुलीचं लग्न लावलं, तिथंच आईचं तेरावं केलं, मग हे कुणाच्या ध्यानात राहतं? क्वार्टर खाली करायची पाळी आली तेव्हा ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. भिलाईला लागूनच, रिसालीत, जमिनीचा एक तुकडा घेऊन ठेवला होता, तो कामी आला. दोन खोल्या, सैपाकघर आणि मागं थोडी मोकळी जागा. भिंती उठल्या, वर स्लॅब पडला, आणि देवाजी विटांच्या उरलेल्या ढिगावर बसून म्हणाला, "झालं बापा एकदाचं."

झालं नव्हतं. मागची मोकळी जागा तशीच होती, आणि त्याच्या बायकोनं, गयाबाईनं, सगळ्या घरात मागितलं होतं ते एवढंच.

"मले बाकी काही नको जी," ती म्हणाली होती. "मागचं आंगन असं करा का उन्हाळ्यातही पाय पोळले नाही पायजे."

हे मागणं वरवर दिसतं तितकं साधं नव्हतं. क्वार्टरच्या मागं सिमेंटचं अंगण होतं, आणि इथला उन्हाळा काही लाडाकोडाचा नाही. चैत्र लागला की दुपारी कावळासुद्धा तोंड उघडं टाकून सावलीला बसतो. पण गयाबाई अंगणात चप्पल घालत नसे. अंगणात तुळस, अंगणातच मूगवड्या आणि पापड वाळायचे. देवाच्या आणि अन्नाच्या जागी चप्पल कशी न्यायची? तिच्या माहेरी, तुमसरच्या पलीकडं, शेणानं सारवलेलं अंगण होतं, भर दुपारीही बसावंसं वाटेल असं. तिथून ती भिलाईच्या सिमेंटवर आली आणि इतकी वर्षं दर उन्हाळ्यात उड्या मारत तुळशीपर्यंत गेली. आता म्हातारपणी तिला उड्या मारायच्या नव्हत्या. थकली होती बिचारी, आणि थकलेल्या बाईनं एवढं मागणं म्हणजे काही फार नव्हे.

"आंगनाचं मी पाहतो," देवाजी म्हणाला. "ते कोनाले विचारायचं काम नाही."

त्याच्या या बोलण्यात जरा ऐट होती, आणि ती ऐट कुठून आली हे सांगायला हवं. या माणसाला जन्मात कुणी विचारलंच नव्हतं की बाबा रे, तुला काय पाहिजे. खातं कुठलं, पाळी कुठली, क्वार्टर कुठलं, सगळं नोटीस बोर्डावर लागायचं आणि हा दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा. बायकोसुद्धा मामानं पाहून दिली. ती चांगली निघाली, हा भाग निराळा. तर निवडण्याची ही पहिली वेळ होती आणि त्यानं ती मनावर घेतली.

शेजारच्या प्लॉटवर मारोतराव घर बांधत होते. कारखान्याच्या हिशेब खात्यातले क्लार्क, त्याच वर्षी रिटायर झालेले. त्यांनी न विचारताच सल्ला दिला, "देवाजी, सरळ फरशी टाका. दुनिया फरशीच टाकते."

"फरशी उन्ह धरून ठेवते साहेब. दगड, वीट, सिमेंट, सगळे एकाच मायचे लेकरं. मी का जाणत नाही?"

आणि जाणत होता खरा. त्याची सगळी नोकरी कोक ओव्हनवर गेली. कोळशाचा कोक करणाऱ्या भट्ट्यांची लांबच लांब रांग असते. तिच्या माथ्यावर उभं राहून भट्टीच्या तोंडात कोळसा पडला की झाकण बसवायचं आणि कडेची फट ओल्या मातीनं लिंपायची, हे देवाजीचं काम. खाली आग, पायाखाली विटा. तिथं साधा बूट टिकत नाही. म्हणून वर काम करणाऱ्यांना जाड लाकडी तळव्याचे जोडे मिळत. खडावा घातलेले साधूच जणू, फक्त तोंडं काळी. देवाजी म्हणायचा, "लाकूड होतं म्हून पाय रायले." देवाइतका विश्वास होता त्याचा लाकडावर. ज्यानं आगीतून वाचवलं ते उन्हातून वाचवणार नाही होय? अंगण लाकडाचं करायचं, हे त्यानं मनात पक्कं केलं.

मारोतराव हसले. "लाकडाचं आंगन! उधई खाऊन टाकेल एका पावसाळ्यात. गेल्या साली बसवलेली माझ्या दाराची चौकट पाहा." वाळवीनं चौकटीचा खरोखरच भुगा केला होता. देवाजी दोन दिवस येताजाता तो भुगा बोटानं टोकरत राहिला. मग तो आणि मारोतराव सिविक सेंटरच्या बाजारात गेले.

तिथल्या एका दुकानात नवाच माल आला होता. लाकडाचा भुसा आणि सिमेंट एकत्र दाबून केलेल्या फळ्या, वरून गडद तपकिरी रंग. दिसायला थेट सागवान. दुकानातला गळ्यात टाय बांधलेला माणूस फळीवर बोटं वाजवत म्हणाला, "न दीमक लगेगी, न पानी में सड़ेगी. लकड़ी की लकड़ी, पत्थर का पत्थर. डाल के भूल जाइए."

देवाजी भुलणारा गडी नव्हता. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. तो म्हणाला, "धूप में रखो. दोपहर को आऊंगा." मे महिना होता. फळी दुकानापुढं उन्हात पडून राहिली. दुपारी देवाजी आला, चपला काढल्या आणि सरळ फळीवर उभा राहिला. बिडी पेटवली आणि संपेपर्यंत हलला नाही. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. मारोतराव दुकानात पंख्याखाली पाणी पीत बसले होते.

"ठंडा है," देवाजी म्हणाला.

टायवाल्यानं वाकून फळीला बोट लावलं आणि चटकन मागं घेतलं. त्यानं एकदा बोटाकडं पाहिलं, एकदा देवाजीच्या पायांकडं. पण गिऱ्हाईक स्वतःच खूश आहे म्हटल्यावर तो कशाला बोलेल? त्यानं पावती फाडली.

पावसाळ्याआधी अंगण झालं. आणि झालं तेही झकास. पावसात निसरडं होईना, चिखल होईना. दिवाळीला गयाबाईनं तपकिरी फळ्यांवर पांढरी रांगोळी काढली तेव्हा मारोतरावांची बायको मुद्दाम बघायला आली. हिवाळ्याच्या सकाळी देवाजी तिथं खुर्ची टाकून बसे, चहा तिथंच घेई. इतक्या वर्षांचा शिणवटा काही जात नव्हता, पण निदान तो कुठं ठेवायचा ती जागा सापडली होती. भेटेल त्याला सांगायचा, "हे मी निवडलं."

मग चैत्र लागला.

गयाबाई उजाडायच्या आत तुळशीला पाणी घालू लागली. वाळवण खाटेवर टाकू लागली, तीही सैपाकघराच्या दाराला लावून. देवाजीनं विचारलं तर म्हणाली, "आता होत नाही जी दुपारचं. सकाळीच आटपून घेते." त्याला पटलं. वय तर झालंच होतं. तो स्वतः मात्र दुपारी मुद्दाम अनवाणी अंगणात चकरा मारायचा. आपल्या निवडीचं सुख घ्यायला नको?

मे महिन्यात नलू आली, त्याची लेक, गोंदियाला दिलेली. भिलाईत वाढलेली, म्हणून निम्मं बोलणं हिंदीत. एका दुपारी तिघं जेवून बसले होते, तोच वावटळ उठली आणि खाटेवरचे पापड उडून अंगणभर झाले. गयाबाई तशीच धावली. मागोमाग नलू. दुसऱ्या पावलालाच नलू किंचाळली आणि पाय झाडत उंबऱ्यात परतली.

"बाबा, ये आंगन है का तवा!"

"काहीतरीच बोलून रायली," देवाजी उठला. तिच्या देखत अंगणाच्या मध्यावर जाऊन उभा राहिला. "कुठं पोळते? हे पाहा, मी उभा हावो."

तो उभा होता, आणि त्याच्या पुढं गयाबाई एकेक पापड वेचत होती. नलूनं चपला चढवल्या, जाऊन आईचा दंड धरला आणि तिला ओढत आत आणलं. पाटावर बसवून तिचे पाय मांडीवर घेतले. तळव्यांवर ताजे फोड आले होते. त्यांच्या खाली जुन्या फोडांची कातडी होती, काही सुकलेली, काही सोलून निघालेली. म्हणजे हे आजचं नव्हतं.

नलूनं तळव्यांना चिकटलेली धूळ हलकेच पुसली. मग वर न बघता म्हणाली, "बाबा, तुमच्या पायाले काही लागतच नाही काय?"

उत्तर गयाबाईनं दिलं. "त्याईच्या पायाले कदीचंच काही लागत नाही. तू शाळेत होती तवा शेगडीतला निखारा खाली पडला होता, त्यावर पाय देऊन उभे. जळल्याचा वास आला तवा मी ढकललं." तिनं हे इतक्या सहज सांगितलं, जणू भाजीत मीठ कमी पडल्याचं सांगत होती.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, म्हणतात. देवाजीचं इतकं जळलं होतं की आता काही कळतच नव्हतं. भट्टीनं पाय शाबूत ठेवले, पण पायांतला जीव कधीच काढून घेतला होता, आणि हे त्याच्या बायकोला ठाऊक होतं, त्याला नव्हतं. तो उंबऱ्यावर बसला. आपले तळवे त्यानं उलटे करून पाहिले. जाड, पिवळे, भेगाळलेले. दुकानापुढं याच पायांवर उभं राहून आपण बिडी ओढली, लोकांनी पाहिलं, आणि आपल्याला किती अभिमान वाटला, हे आठवून त्याला फार लाज वाटली.

"तुले ठावं होतं," तो म्हणाला, "मंग मी निवडून रायलो होतो तवा कावून नाही बोलली वं?"

"तुमी किती हौसेनं निवडलं होतं," गयाबाई म्हणाली. "जन्मात पयल्यांदा. मले वाटलं, काढून घेईन दिवस. आता रायले किती?"

देवाजी उठून खोबरेलाची बाटली घेऊन आला. नलूनं ते आईच्या पायांना लावलं.

सगळं अंगण उखडावं असं देवाजीला वाटलं, पण तेवढं बळ ना हातात होतं ना घरात. शेवटी त्यानं सैपाकघराच्या दारापासून तुळशीपर्यंतच्याच फळ्या काढायला घेतल्या. सकाळी थोडं खणायचा, धाप लागली की बसायचा. मारोतराव कुंपणावरून म्हणाले, "मी सांगितलं होतं ना, फरशी टाका."

"हो साहेब," देवाजी म्हणाला. त्याला वाद घालायचाही कंटाळा आला होता.

फोड सुकले आणि गयाबाई नीट चालू लागली, तेव्हा पाऊस अजून लांब होता. देवाजीनं रिक्षा केली आणि तिला घेऊन दुर्ग रस्त्यावरच्या दगडाच्या टालावर, म्हणजे वखारीत, गेला. टाल केवलराम नावाच्या छत्तीसगढी माणसाचा. उघड्यावर फरश्या रचून ठेवलेल्या होत्या, काळ्या, लालसर, राखी, पांढुरक्या, आणि ऊन माथ्यावर आलं होतं.

"मी काय पाहू त्यातलं?" गयाबाई म्हणाली. "तुमीच घ्या कोनतीबी."

"माह्या पायाचं काम नाही हे. चप्पल काढ आन् एकेकीवर पाय ठेव. लई वेळ नको."

केवलराम हसला. "का देखथस दाई, पथरा तो पथरा ए." दगड तो दगडच, त्यात बघायचं काय, असं त्याचं म्हणणं. पण देवाजीनं चार फरश्या जमिनीवर मांडायला लावल्या आणि स्वतः खाली उकिडवा बसला.

गयाबाईनं काळ्या फरशीवर पाय टेकवला. "चालते जी," ती म्हणाली.

देवाजी तिच्या तोंडाकडं बघतच नव्हता. त्यानं पाहिलं, तिची बोटं आत वळली होती आणि टाच वर उचलली गेली होती. सबंध संसारात या पायांकडं आपण कधी असं पाहिलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं हातानं तिचा घोटा धरून पाय पुढच्या फरशीवर नेला. लालसर. टाच वरच. "हेबी चालते," गयाबाई म्हणाली. राखी फरशीवर टाच टेकली आणि लगेच उठली. "चालते."

मग पांढुरकी, जराशी खरबरीत. बोटं पसरली. टाच खाली आली, टेकली आणि टेकलेलीच राहिली.

"हेबी चालते," गयाबाई त्याच आवाजात म्हणाली.

देवाजीनं मान वर केली नाही. तिचा घोटा तसाच धरून तो केवलरामला म्हणाला, "यही दे दो."