डावखुऱ्या काकूंची हॉकी

शिंपीणकाकूंचं तोंड उघडलं ते मिटेचना.

"डावखुऱ्यांची हॉकीची काठीच नाही? म्हणजे तुमच्या दुकानात नाही ना?"

"जगात नाही, काकू," दुकानदार म्हणाला. "नियमच आहे. काठीची एकच बाजू सपाट, तीही डावीकडची. चेंडू तिनेच मारायचा."

काकू मटकन स्टुलावर बसल्या. पडदा वर जावा आणि नटीला तेव्हाच कळावं की तिची भूमिका नाटकात लिहिलेलीच नाही, तशी त्यांची गत झाली. लहानपणी भावाचा खेळ त्यांनी मैदानाच्या कडेला उभं राहून पाहिला होता. काठी हातात कुणी दिली नाही. आता पन्नाशीत गल्लीतल्या बायकांनी रविवारचा हौशी संघ काढला, तेव्हा पहिला हात वर झाला तो काकूंचा. डावाच! डाव्या हाताची कात्री मिळते, मग काठीही मिळणारच, असं बिचाऱ्या धरून चालल्या होत्या.

सोबतच्या नणंदबाई गालात हसल्या. "वहिनी, घरी बसून काज-बटणं करा. नाहीतर ही काळी घ्या, झोकदार आहे. भिंतीवर टांगता येईल."

"ती नको," दुकानदार घाईने म्हणाला. "कार्बन ठासून भरलाय तिच्यात. चेंडू जरा चुकीचा लागला की झिणझिण्या थेट कोपरापर्यंत. हौशी माणसाला फायबरची, हलकी बरी. उभी धरली की कमरेच्या हाडापर्यंत यावी, बस्स."

"अहो, उजव्या हाताने मला सुई धरता येत नाही!" काकू म्हणाल्या.

"धरा तर खरं." त्याने एक साधी निळी काठी पुढे केली आणि जमिनीवर चेंडू ठेवला. "डावा हात वर, घट्ट. उजवा खाली, सैल. फिरवायचं काम डाव्याचं. उजवा नुसता आधाराला."

काकू बघतच राहिल्या. "म्हणजे मालक डावा?"

"मालक डावा. उजवे लोक इथेच रडकुंडीला येतात."

काकूंनी उठून काठी धरली आणि मनगट वळवलं. काठीचं टोक गर्रकन उलटलं, चेंडूला पलीकडून अडवून परत आलं. पुन्हा उलटलं. पुन्हा आलं.

"अगं बाई!" काकू स्वतःच दचकल्या.

"बघू, बघू," म्हणत नणंदबाईंनी काठी घेतली. त्यांच्या डाव्या मनगटाने साफ नकार दिला. चेंडू सुटला तो थेट कपाटाखाली.

"बांधून देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"नको." काकूंनी काठी परत घेतली होती आणि त्यांची मूठ काही सुटत नव्हती.

"वहिनी, अशी उघडी काठी घेऊन रस्त्याने चालणार? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, नणंद-भावजयीचं आज फारच बिनसलंय. चला वन्सं, तुम्ही पुढे व्हा."