सरळ रेषेत अठ्ठावीस किलोमीटर

जगातल्या कुठल्याही दोन शहरांमधलं अंतर आमच्या शेजारच्या काकांना पाठ आहे. फक्त ठाकुर्लीहून डोंबिवलीला रिक्षाने किती वेळ लागेल, ते विचारू नये. तिथे त्यांचं शास्त्र थांबतं. घरात पृथ्वीचा एक गोल, गोधडीचा दोरा आणि फूटपट्टी. "नकाशा सपाट, म्हणून थापाड्या," असं म्हणत ते गोलावर दोरा ताणतात, पट्टीला लावतात आणि निकाल देतात. हे सगळं फोन क्षणात सांगतो, असं मी एकदा बोलून गेलो, तर म्हणाले, "सांगतो ना, पण समजूत घालतो का?" ते मात्र खरं. पोरं परदेशी गेलेले पार टिटवाळ्यापर्यंतचे आईबाप पत्रिका दाखवायला यावं तसे त्यांच्याकडे येतात. मोहने गावच्या एक बाई मुलगा सिडनीला निघाला म्हणून रडत आल्या. काका म्हणाले, "दहा हजार किलोमीटर. सलग उडालं तर बारा तास. अहो, गणपतीत तुमच्या माहेरची एसटी किती तास घेते?" बाई डोळे पुसून हिशेब करू लागल्या.

स्वतः काका कधी विमानात बसले नव्हते. पण टोरंटोच्या लेकीचे दिवस भरत आले. काकू हयात नाहीत. लेकीचं एकच म्हणणं, "बाबा, बाळाच्या आधी पोचा."

विमानतळावर सोडायची जबाबदारी मी अंगावर ओढून घेतलेली. नवी गाडी, जुनी खुमखुमी. मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन काका म्हणाले, "सरळ रेषेत अठ्ठावीस किलोमीटर. विमानाला दोन मिनिटं."

"काका, शिळफाट्याला विमानसुद्धा अडकेल. मला आतला रस्ता माहितीये."

आतला रस्ता एका गावात शिरला आणि थेट हळदीच्या मांडवात संपला. अख्खा रस्ता अडवून मांडव! मागे वळतो, तर पाण्याचा टँकर येऊन उभा, आणि त्याचा ड्रायव्हर मांडवात पहिल्या पंगतीला. तो सापडून, हात धुऊन, पान खाऊन येईपर्यंत विमान गेलं. नवऱ्या मुलाचे मामा कळवळून म्हणाले, "काका, आता जेवून जावा. इमान काय आता मिलाचा नाय."

पुढचं तिकीट चार दिवसांनी मिळालं. नात जन्मली तेव्हा काका विमानात, कुठल्याशा समुद्रावर होते.

तीन महिन्यांनी परत आले, पण मला एका शब्दाने बोलले नाहीत. मीच मनातल्या मनात माफीची भाषणं तयार करायचो आणि त्यांच्या दारात चहाची चौकशी करून परतायचो. परवा त्यांच्याकडे बसलो असताना लेकीचा फोन आला, स्पीकरवर. बोलता बोलता ती थट्टेत म्हणाली, पण आवाज जरा ओला होता, "जेवणावळीपायी विमान सोडणारे बाप तुम्हीच हं, बाबा!"

मी खुर्चीतल्या खुर्चीत आक्रसलो. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"काय करू गं," ते म्हणाले, "जेवण फार सुंदर होतं."

त्या दिवशी त्या मांडवात त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नव्हता.