काकांनी स्वागत केलेला कर

आमच्या काकांचा राग नाकावर, पण बोटांत भलतीच सबुरी. विद्यापीठाच्या रसायन विभागात गेली एकतीस वर्षं ते ज्योतीवर काच वितळवून प्रयोगाची उपकरणं घडवतात आणि फुटलेली सांधतात. फुटकं उपकरण टेबलावर ठेवून पळायची सोय नाही. सांधा निवेपर्यंत समोर बसून काकांचं ऐकून घ्यावं लागतं.

"सगळ्यात जास्त फोडतात ती परदेशी मुलं," हे त्यांचं ठाम मत. काकू म्हणायची, "अहो, विभागात निम्म्याहून जास्त मुलं परदेशीच, मग फोडणार कोण?" पण काकांना पटवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मग सरकारने परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवर विद्यापीठांना कर लावला. काकांना कोण आनंद! 'या कराचं स्वागत असो,' असं पत्रच त्यांनी वर्तमानपत्राला धाडलं. छापून आल्यावर कात्रण मला तीनदा वाचून दाखवलं. खोटं कशाला बोलू, मीही वाहवा केली.

विद्यापीठाने कर मुलांच्याच माथी मारला. फी वाढली आणि पुढच्या वर्षी परदेशी मुलं निम्मीच आली. त्यांच्या फीवर काय काय चालत होतं, ते तेव्हा कळलं. विभागप्रमुख बाईंनी काकांना बोलावून घेतलं.

"काका, तुमची कार्यशाळा त्याच पैशांवर चालायची. या महिनाअखेरीला बंद करावी लागतेय. यापुढे काही फुटलं तर नवीनच मागवू." मग म्हणाल्या, "तुमचं पत्र वाचलं होतं मी. छान लिहिता."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला हसू येत होतं आणि काकांची कीवही.

शेवटच्या आठवड्यात मी डबा द्यायला गेलो होतो. एक परदेशी मुलगी तडकलेली नळी घेऊन आली आणि सवयीने मान खाली घालून बसली. काकांनी ज्योत पेटवली. तडा बोटभर, पण नळी फिरवत फिरवत त्यांनी चांगला अर्धा तास लावला. तोंडातून चकार शब्द नाही. शेवटी तीच घाबरत म्हणाली, "सर, आज रागावला नाहीत?"

काकांनी चष्मा पुसला.

"अजून काही फुटलंय का बघ गं," ते म्हणाले. "नसेल, तर एखादं फोडून आण."