पायाच्या अंगठ्यावरचा आकडा

महामारीत सरकारी व्यवस्थेने माझ्या बायकोला वाचवलं, हे मी कुणालाही सांगतो. त्याच व्यवस्थेने तिला आदल्या दिवशी दारातून परत पाठवलं होतं, हेही त्याच दमात सांगतो. मुलगी म्हणते, आता सोडा की बाबा. मी सोडत नाही.

दुसऱ्या लाटेतला आंब्याचा हंगाम होता. हातखंब्याच्या नाक्यावर टोपली घेऊन बसण्यापासून सुरुवात करून मी तिथेच आंबा-काजूचं दुकान उभं केलं आहे. रस्त्यावर गिऱ्हाईक नव्हतं, पण मुंबईला पेट्या जात होत्या, म्हणून मी दिवसभर तिकडेच. पावस गावातल्या घरी बायको ओल्या काजूच्या बिया फोडत बसायची. त्या बियांचा चीक बोटांना लागला की कातडी काळी पडते, मग सोलवटते. आमच्याकडच्या बायकांचे हात त्या दिवसांत असेच असतात.

तिला ताप आला, चाचणी झाली, घरीच राहायला सांगितलं. पुढे धाप लागायला लागली तेव्हा शेजारीण तिला रिक्षाने शहरातल्या तपासणी केंद्रावर घेऊन गेली. एका शाळेत ते उभारलं होतं. कुणाला घरी ठेवायचं, कुणाला वसतिगृहातल्या केंद्रात, कुणाला रुग्णालयात ऑक्सिजनच्या खाटेवर, हे तिथे ठरायचं. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आकडा नव्वदच्या खाली. डॉक्टरीणबाईंनी तिची बोटं पाहिली आणि हा आकडा काळ्या बोटांमुळे चुकतोय असं ठरवलं. गोळ्या दिल्या आणि डाग गेले की परत या म्हणाल्या. बाई घाटावरच्या असाव्यात. साबणाने धुतलं की जाईल असं त्यांना वाटलं असेल. काजूचा चीक कातडीबरोबरच जातो, हे त्यांना शेजारणीने सांगितलं म्हणे, पण मागे रांग होती.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा ती वाक्य पुरं करू शकत नव्हती. केंद्र तोवर बंद झालं होतं, म्हणून सकाळी उघडायच्या वेळेला गाडी काढली आणि तिला घेऊन त्याच टेबलापुढे उभा राहिलो. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा बोटं पाहिली, पुन्हा तेच. मी म्हटलं, दुसरं बोट घ्या. त्यांनी घेतलं. तेही काळंच. मी म्हटलं, मग आणखी कुठे लावता येतं का बघा. माझा आवाज चढला होता, हे खरं आहे.

"काका, हा बाजार नाही," त्या म्हणाल्या. "प्रत्येक बोटाचा वेगळा भाव निघत नाही."

"काटा खोटा वाटला तर आम्ही माल परत पाठवत नाही, बाई. काटा बदलतो. ही काल परत गेली, आज जाणार नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली वाकून बायकोच्या पायाच्या अंगठ्याला ते यंत्र लावलं. पाय स्वच्छ होते. आकडा कालच्यापेक्षाही खाली होता. त्यांनी लगेच फोन उचलला आणि खाट मागितली. चूक झाली, असं एक अक्षर बोलल्या नाहीत. माझं दुखणं तेवढंच आहे. बाकी त्यांनी सगळं पटापट केलं.

मोठ्या रुग्णालयात पोहोचलो तर खाट रिकामी होत होती, झाली नव्हती. आमच्यासाठी वॉर्डाच्या दारात सिलिंडर लावून दिला. आत खाटेवर एक म्हातारे बसले होते, कपडे बदललेले, पिशवी मांडीवर. ते आता ऑक्सिजनशिवाय राहत होते, म्हणून त्यांना वसतिगृहातल्या केंद्रात हलवायचं होतं. तिथेही परिचारिका आहेत, आकडा उतरला तर परत आणू, असं वॉर्डाचे डॉक्टर समजावत होते. म्हाताऱ्यांचा मुलगा, असेल माझ्याच वयाचा, ऐकत नव्हता.

"दोन दिवस ठेवा हो."

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

"बरं, एक दिवस. निदान उद्या दुपारपर्यंत तरी."

मी ऐकत होतो. घासाघिशीतली एकेक पायरी तो बरोबर उतरत होता, मीसुद्धा तशीच उतरलो असतो. दुसरा एखादा दिवस असता तर मी त्याची बाजू घेऊन डॉक्टरांशी भांडलोही असतो. तेवढ्यात तो माझ्याकडे वळला.

"तुम्हीच सांगा हो, बऱ्या न झालेल्या माणसाला असं हलवतात काय?"

बायको खुर्चीवर मान टाकून बसली होती. डोळे मिटलेले.

"मला विचारू नका," मी म्हटलं. "ती खाट मला हवी आहे."

तो काहीतरी बोलणार होता. पण म्हातारेच उठले. खाटेच्या दांड्याला धरून उभे राहिले आणि मुलाला म्हणाले, "चल रे. बाईमाणूस ताटकळलंय." मग एकेक पाऊल टाकत आमच्या समोरून बाहेर गेले. बायकोकडे त्यांनी पाहिलं, माझ्याकडे नाही.

चादर बदलली, तिला आत नेलं, पालथं झोपवलं. मला आत सोडलं नाही. बऱ्याच वेळाने परिचारिका दारात आली आणि आकडा नव्वदच्या वर टिकतोय, आता घरी जा म्हणाली. माझ्याने घरी जाववलं नाही. बाहेर पायऱ्यांवर आलो.

तिथे तोच मुलगा बसला होता. बाजूच्या बाकड्यावर वडील, पिशवी पायाशी. केंद्रात नेणारी गाडी अजून आली नव्हती. मी पलीकडच्या टोकाला बसायला निघालो.

"मिळाली ना खाट?" त्याने विचारलं.

"मिळाली."

"बरं झालं," तो म्हणाला. राग गेला नव्हता. पण पायरीवर सरकला आणि मला जागा करून दिली.