कुलूप बोर्डाला, चावी मशीनमध्ये

त्या रविवारी आमच्या घरची वीज चार तास बंद होती. ती गेली नव्हती, बिलही वेळेवर भरलेलं होतं. ती मी बंद केली होती. सुरक्षिततेसाठी!

मी अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. म्हणजे दिवसभर लोकांना 'हे करू नका' असं सांगायचा मला पगार मिळतो. (घरी हेच काम मी फुकट करतो, पण घरच्यांना कदर नाही.) बदलापुरात बेलवलीला तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. मी, बायको संगीता आणि मुलगी प्रज्ञा. आमच्या घरात पाणी तापवायचा रॉड नाही, कारण तो मी भंगारात दिला. एका बोर्डात तीन पिना खुपसायची सोय नाही, कारण तसा बोर्ड मी आणूच देत नाही. 'पॅसेजमधून एक्स्टेन्शन वायर ओढू नये' ही सोसायटीतली नोटीस माझीच, आणि मीटर रूमला कायम कुलूप असावं हा ठरावही माझाच. पुढे या सगळ्या गोष्टी माझ्यावरच उलटणार होत्या, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

जानेवारीची थंडी होती. मुंबईचे लोक पंखा लावून झोपतात तेव्हा आम्ही बदलापूरकर कानटोपी घालून दूध आणायला जातो. नेमका अशात गीझर बिघडला. बटण दाबलं की बोर्डातला सुरक्षेचा स्विच खटकन पडायचा आणि घरभर अंधार. वीज कुठे गळायला लागली, की माणसाला झटका बसायच्या आत हा स्विच पुरवठा तोडतो.

"मग तो स्विचच काढून टाका ना!" संगीता म्हणाली.

"संगीता, तो आहे म्हणून आपण आहोत!"

"आपण आहोत, पण चार दिवस बिनआंघोळीचे आहोत."

त्यात रविवारी अकरा वाजता नाशिकहून पाहुणे येणार होते. प्रज्ञा आणि तिच्या ऑफिसातला सुमेध यांनी आपापसात सगळं ठरवलं होतं. आता फक्त मोठ्यांचा होकार बाकी होता. त्यातही सुमेधच्या वडिलांचा. हे गृहस्थ वीज खात्यातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. "पप्पा फार बोलत नाहीत, नुसतं बघतात," असं सुमेधने सांगून ठेवलं होतं, त्यामुळे प्रज्ञा आठवडाभर मलाच बजावत होती.

"बाबा, प्लीज," ती मला म्हणाली, "त्यांच्यासमोर सेफ्टीवर भाषण नको. नॉर्मल माणसासारखे वागा. एकच दिवस!"

मी शब्द दिला. पण मनात म्हटलं, विजेच्या माणसाच्या देखत आपल्या बोर्डातला स्विच पडला तर काय इज्जत राहील? म्हणून उल्हासनगरच्या लछूभाई इलेक्ट्रिशियनला रविवारी सकाळी आठलाच बोलावलं. आणि शनिवारी संध्याकाळी गेटपास करून कंपनीतून एक लाल कुलूप घरी आणलं.

हे कुलूप म्हणजे आमच्या धंद्याचा आत्मा. मशीन दुरुस्तीला काढलं, की काम करणारा माणूस स्विच बंद करतो, स्विचला आपलं कुलूप घालतो आणि 'धोका! हे कुलूप काढू नये' असा स्वतःच्या फोटोचा टॅग लटकवतो. कुलूप ज्याचं, चावी त्याच्या खिशात. डुप्लिकेट चावी ठेवायचीच नाही. (हा नियम मीच भांडून करून घेतला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या होत्या.)

रविवारी लछूभाई आले. साठीचे गृहस्थ, कपाळावर चष्मा, हातात पिशवी.

"साईं, गीझर का स्विच बंद कर दो, बस. वीस मिनटाचं काम हाय."

नुसता गीझरचा स्विच बंद करून चाललं असतं. पण सेफ्टीत कंजूषी कशाला? मी थेट मेन स्विच पाडला, त्याला क्लॅम्प लावला, उघडं ठेवलेलं लाल कुलूप त्यात अडकवलं आणि दाबलं. टक्! खाली माझ्या फोटोचा टॅग.

"अहो, लाइट गेली!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"गेली नाही, मी घालवली!"

लछूभाईंनी खरंच वीस मिनिटांत गीझरची जळकी कॉइल बदलली. "हो गया साईं. चालू करा."

मी ऐटीत खिशात हात घातला. हात सरळ मांडीवर घसरला. मी हाफपँट घातली होती, आणि तिला खिसाच नव्हता.

"संगीता, माझा काल संध्याकाळचा युनिफॉर्म कुठाय?"

"रविवारी कुठे असतो? मशीनमध्ये!"

मी घरातल्या पॅसेजमध्ये धावलो. वॉशिंग मशीनच्या गोल काचेआड अर्धा ड्रम फेसाळ पाणी होतं आणि त्यात माझा खाकी शर्ट शांतपणे पडून होता. मी मेन पाडला तेव्हा मशीन मधेच थांबलं होतं. त्याचं दार वीज असल्याशिवाय उघडत नाही. वीज कुलूप उघडल्याशिवाय येत नाही. आणि कुलपाची चावी दाराच्या आत! नियम मी तंतोतंत पाळला होता. चावी माझ्याच खिशात होती, फक्त तो खिसा धुवायला टाकलेला होता.

"बाबा, डुप्लिकेट?" केसांना शाम्पू लावून हेअर ड्रायरच्या आशेवर बसलेल्या प्रज्ञाने विचारलं.

मी नियम सांगितला. तिने डोळे मिटून घेतले.

"पाणी काढलं की उघडेल," असं म्हणून मी मशीनच्या खालचं झाकण फिरवलं. पाणी आलं. थेट हॉलपर्यंत आलं. सोफ्याखाली गेलं, पाहुण्यांसाठी अंथरलेली नवी सतरंजी भिजवून गॅलरीतून खाली टपकायला लागलं. दार मात्र हललं नाही.

लछूभाई म्हणाले, "साईं, टेन्शन नही लेने का. शेजारून वायर ओढतो, मशीनला देतो. दोन मिनट."

शेजारी म्हणजे मोरे. गेल्याच महिन्यात त्यांच्या स्कूटरच्या चार्जिंगची वायर मी पॅसेजमधून काढायला लावली होती. पाण्याचा आवाज ऐकून ते दारात येऊन उभेच होते.

"देतो की वायर!" मोरे प्रेमाने म्हणाले. "पण गायकवाड साहेब, खाली एक नोटीस लागली आहे. वाचली का?"

"आणि फरशी ओली आहे," मी म्हणालो. "ओल्या फरशीवरून वायर मी जिवात जीव असेपर्यंत जाऊ देणार नाही."

"तो फिर बोर्ड खोलता हूँ."

"मेनच्या मागे मीटरची वायर जिवंत असते, लछूभाई. खाली मीटर रूममधला फ्यूज काढल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही."

"तो मीटर रूम खोलो!"

मीटर रूमला कुलूप होतं. चावी सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी सोनिवलीला नव्या फ्लॅटचं बांधकाम बघायला गेले होते आणि फोन उचलत नव्हते.

"बाबा," प्रज्ञा हळूच म्हणाली, "या बिल्डिंगमध्ये तुम्ही कुलूप लावलं नाही असं काही उरलंय का?"

मग संगीताने कारभार हातात घेतला. गॅसवर दोन पातेली पाणी चढलं. मिक्सर बंद म्हणून चटणी खलबत्त्यात गेली. प्रज्ञाला केस वाळवायला गॅलरीत उन्हात उभं केलं. माझी एकुलती एक चांगली पँट चुरगळलेली होती आणि इस्त्री विजेची, म्हणून संगीताने तांब्यात उकळतं पाणी भरून त्याच्या बुडाने पँट दाबायला घेतली. इस्त्री अगदी छान झाली, फक्त दोन्ही मांड्यांवर गोल गोल चकत्या उमटल्या. मी ती घालणार, एवढ्यात दार वाजलं.

पाहुणे दहा मिनिटं आधी आले होते. घंटी विजेची असल्यामुळे बिचारे पाच मिनिटं बटण दाबत बाहेर उभे राहिले. शेवटी मोऱ्यांनीच त्यांना धीर दिला. "आहेत हो घरात. अडकलेत!" आणि दार उघडेपर्यंत त्यांना अथपासून इतिपर्यंत सगळं सांगूनही टाकलं.

दार मी उघडलं. हाफपँटवर, हातात फरशी पुसायचं फडकं. समोर सुमेध, त्याची आई आणि वडील. जय भीम झालं. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं, भिजलेल्या सतरंजीकडे पाहिलं, मग दाराशेजारच्या बोर्डाकडे वळून ते बराच वेळ बघत राहिले. तिथे लाल कुलपाखाली माझा फोटो लटकत होता, आणि त्याच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'धोका!'

"मुलीचा फोटो आला होता," ते सावकाश म्हणाले. "मुलीच्या वडिलांचा आज बघितला."

प्रज्ञा दाराआड गेली. तिचा चेहरा पाहून मला खरंच वाईट वाटलं. पोरीने आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, बाबांनी एक दिवस नॉर्मल वागावं. तेवढंही मला जमलं नव्हतं.

"कुलूप कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"माझं."

"चावी?"

"माझ्या खिशात." मी मशीनच्या काचेकडे बोट केलं. "त्या तिथे."

सुमेधची आई पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघायला लागली. वडील मात्र हसले नाहीत.

"तोडलं का नाही?" त्यांनी लछूभाईंकडे बोट केलं. "हे म्हणाले ना, बोर्ड उघडतो म्हणून?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सांगून टाकलं, "मागची वायर जिवंत आहे. पाहुणे येणार म्हणून मी लछूभाईंचा जीव धोक्यात घालणार नाही. तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा."

ते सोफ्याच्या कोरड्या टोकाला टेकले आणि उजवा हात पुढे केला. तळव्यावर जुना भाजल्याचा डाग होता आणि दोन बोटं वाकत नव्हती.

"आमच्या वेळी कुलूप नव्हतं," ते म्हणाले. "फ्यूज काढायचा आणि आपल्या खिशात घालायचा, वर खांबावर जायचं. एकदा घाई होती. फ्यूज खिशात न घालता पेटीवर ठेवला. कुणा भल्या माणसाने बघितला, वाटलं निसटलाय, दिला परत बसवून." त्यांनी हात मागे घेतला. "त्या दिवशी तुमच्यासारखं कुणी येडं माणूस खाली असायला पाहिजे होतं."

लछूभाईंनी कपाळावरचा चष्मा काढून पुसला. मी खाली बसून फडक्याचं पाणी बादलीत पिळायला लागलो.

बाराच्या सुमाराला सेक्रेटरी परतले. आमचे होणारे व्याही स्वतः लछूभाईंबरोबर खाली मीटर रूममध्ये गेले, आमचा फ्यूज काढला आणि वर येऊन मला दाखवून आपल्या पँटच्या खिशात घातला.

"खिसा बघून घ्या, गायकवाड. फरक एवढाच, आम्ही खिसा अंगावर घालायचो!"

आता सगळे खदाखदा हसले, मोरेसुद्धा. (ते अजून आमच्याच दारात होते.) लछूभाईंनी टेस्टर लावून बघितलं, मी आणखी दोनदा लावायला लावलं, मग स्क्रू ढिले करून मेन स्विच कुलपासकट बाहेर आला. लछूभाईंच्या पिशवीतला नवा स्विच बसला, फ्यूज जागेवर गेला, वीज आली. मशीनने गाणं वाजवलं आणि दार उघडलं. माझ्या युनिफॉर्मच्या खिशातून चावी निघाली. इतकी स्वच्छ चावी आमच्या कंपनीत दुसरी नाही.

जेवताना त्यांनी चटणी दोनदा मागून घेतली. "मिक्सरची नाही ना?" एवढंच विचारलं. हात धुवायला गीझरचं गरम पाणी होतं आणि बोर्डातला स्विच पडला नाही. निघताना ते संगीताला म्हणाले, "मुलगी बघायला आलो होतो, पण बघायचं राहूनच गेलं, वहिनी. आता बघायचं काही कारणही नाही. तारीख तुम्ही धरा." प्रज्ञा माझ्या गळ्यात पडून रडली. मग कानात म्हणाली, "लग्नाच्या हॉलचा मेन स्विच तुम्हाला दाखवणार नाहीये."

त्यानंतर संगीताने माझ्या सगळ्या युनिफॉर्मचे खिसे शिवून टाकले. परवा कंपनीत ऑडिटला बाहेरचे साहेब आले होते. त्यांनी सगळ्यांच्या देखत विचारलं, "गायकवाड, तुमच्या कुलपाची चावी कुठे असते?"

सवयीने माझा हात खिशाकडे गेला आणि शिवणीवर अडला.

"बायकोकडे, सर."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि वहीत लिहिलं, 'चावी अत्यंत सुरक्षित ठिकाणी. सुधारणेला वाव नाही.' हा शेरा चावीबद्दल होता की माझ्याबद्दल, हे मी अजून विचारलेलं नाही.