मुलुंड ते बोरिवली, इंजिन बंद न करता

मुलुंडहून बोरिवलीला जाणं हा काय प्रवास आहे, असं म्हणणाऱ्यांनी तो ऐंशीच्या दशकात माझ्या बाबांच्या जुन्या डिझेल गाडीतून केलेला नाही. मी केलाय. भाऊबिजेच्या दिवशी, मांडीवर लाकडी पाट घेऊन.

पाटाचं कारण अरुणमामा, आईचा धाकटा भाऊ, डिझेल इंजिनांचा फिटर. बाबांनी ही गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "भावोजी, हिच्या नळ्या तुमचं डोकं खातील." बाबा म्हणाले, "तुला विचारलं कोणी?" झालं, दोघांचं बोलणं बंद. मामाने भाऊबिजेला येणंही सोडलं. दोन वर्षं आईने वाट पाहिली आणि तिसऱ्या वर्षी जाहीर केलं, "तो येत नाही ना, मग माझा पाट घेऊन मी जाते." बाबा फक्त सोडायला येणार आणि खाली गाडीतच बसून राहणार, असं ठरलं.

सकाळी निघालो. या वाटेने जाणार असाल तर पवई तलावाशी थांबा. तेव्हा तिथे रुपयाला झकास वडापाव मिळायचा. आम्हीही थांबलो. बाबांनी किल्ली फिरवली, काढली, खिशात टाकली. इंजिन चालूच!

या गाडीत किल्ली फिरवली की एक रबरी नळी हवा खेचायची आणि त्या ओढीने डिझेल बंद व्हायचं. मेकॅनिक त्याला व्हॅक्यूम म्हणतात. नळीला चीर पडली की ओढ संपली. गिअरमध्ये टाकून झटका देऊन बंद करता आली असती, पण तसं केल्याने गिअरबॉक्सची वाट लागते, असं बाबांचं मत. त्यांनी बॉनेट उघडून नळीला चिकटपट्टी गुंडाळली. काही फरक नाही. आम्ही वडे गाडीतच खाल्ले.

ब्रेकलाही तीच ओढ मदत करायची, त्यामुळे साकीनाक्यापासून बाबा दोन्ही पायांनी ब्रेक दाबत होते. अंधेरीनंतर हायवे मोकळा मिळाला. मात्र कांदिवलीला एक म्हैस आडवी आली आणि आईने घरातले सगळे देव आठवले.

बोरिवलीला आम्ही मायलेकी दुसऱ्या मजल्यावर मामाकडे गेलो. खाली गाडी धडधडत उभी, आत बाबा पेपर वाचतायत. मामा जेमतेम दोन मिनिटं बोलला. त्याचा कान खालीच होता.

"ताई, गाडी बंद का करत नाहीत?"

"त्यांना घाई आहे रे."

"घाई कसली, व्हॅक्यूम गेलाय. ब्रेक जड झालेत का, विचार."

आईने गॅलरीतून विचारलं. "अजिबात नाही म्हणावं!" खालून उत्तर आलं.

"दोन्ही पाय लावतायत," मी सांगून टाकलं.

इतक्यात पहिल्या मजल्यावरच्या काकू ओरडल्या, "अहो, धूर येतोय! पापड वाळत घातलेत माझे!" मग मामाला उतरावंच लागलं. मागोमाग आई, हातात पाट तसाच. दोघे पुरुष बॉनेटजवळ हातभर अंतरावर उभे राहिले आणि बोलले आईशी.

"ताई, ही चिकटपट्टी कोणी लावली, विचार."

"सांग त्याला, मी लावली."

"त्यांना सांग, आधी इंजिन बंद करायला हवं. हवा आत जाते ते तोंड दाबायला काहीतरी सपाट हवंय."

आईचा पारा चढला. "मी काय टपाल आहे का रे तुमचं?" असं म्हणून तिने मामाला एअर फिल्टर काढायला लावला आणि उघड्या तोंडावर स्वतःच पाट दाबला. इंजिन दोनदा खोकलं, गदगदलं आणि गप्प झालं.

त्या शांततेत बाबा म्हणाले, "आता?"

मामा म्हणाला, "आता नवी नळी."

आपण एकमेकांशी बोललो हे दोघांनाही कळलं नाही. आईने मात्र पदराने डोळे पुसले.

पाटावर काळं वर्तुळ उमटलं होतं. सगळे वर गेलो, बाबाही, आणि मामा त्या पाटावरच बसला, त्याच्या नव्या पांढऱ्या पायजम्यावरही ते उमटलं. ओवाळून झाल्यावर त्याने तबकात एक नोट ठेवली आणि शेजारी हातभर रबरी नळी.

"याच गाडीच्या मापाची आहे," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली आणून. कोणी विचारलंच नाही."

मामा खाली जाऊन नळी बसवत असताना पाने बाबाच देत होते, एकेक, न मागता.

मुलुंडला पोचल्यावर बाबांनी किल्ली फिरवली. इंजिन लगेच बंद. त्यांनी पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद केलं. तिसऱ्यांदा किल्लीला हात लावला तेव्हा आई म्हणाली, "पुरे! माझी ओवाळणी आहे ती, झिजेल."

तो पाट आता माझ्याकडे आहे. माझा भाऊ त्यावर बसताना दरवर्षी कुरकुरतो, पण मी तो डाग घासत नाही. गाडी पुढे भंगारात गेली. ती न्यायला माणसं आली तेव्हा बाबांनी त्यांना थांबवलं, बॉनेट उघडलं, ती नळी सोडवली आणि स्वयंपाकघरात जाऊन आईच्या हातात ठेवली. "घे," ते म्हणाले, "तुझी आहे."