लिस्बनचे तीन दिवस

माझी आई वसईची. तिथल्याच मराठी शाळेत तिने सगळी नोकरी इतिहास शिकवण्यात घालवली. दर हिवाळ्यात ती वर्गाला पोर्तुगीजांच्या किल्ल्यात घेऊन जायची. दरवाज्यावरची दगडी चिन्हं आणि छप्पर उडालेली चर्चं मुलांना दाखवायची, आणि शेवटी समुद्राकडच्या बाजूला नेऊन सांगायची, "ते इथून आले." कुठून निघाले, तेही सांगायची. लिस्बन. नदीकाठची ती जागा तिने कधी पाहिली नव्हती. मी एकदा तिच्याच वर्गात होते, त्यामुळे हे वाक्य मला पाठ आहे.

अमेरिकेत मॉरिसव्हिलला ती आमच्याकडे दुसऱ्यांदा आली तेव्हा जातानाचा बेत आम्ही आधीच ठरवला होता. मी तिच्याबरोबर निघायचं, वाटेत तीन दिवस लिस्बनला राहायचं, मग दोघींनी मुंबईला जायचं. माझ्या पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा संपला होता, तो मुंबईत नवा करून मी परतणार होते. युरोपचा व्हिसा आई मुंबईहूनच काढून आली होती. तिथल्या खिडकीवरच्या मुलीने प्रवासाचं कारण विचारलं, तर आई म्हणाली होती, "आमच्या किल्ल्याच्या जुन्या मालकाचं गाव बघायचंय." मुलगी हसली म्हणे.

संध्याकाळी माझं ऑफिस आटोपलं की आम्ही सोफ्यावर बसायचो. मी लॅपटॉप टीव्हीला जोडायचे आणि नकाशावरून लिस्बनच्या गल्ल्या फिरवून दाखवायचे. आई चष्मा पुसून पुढे सरकून बसायची. किल्ल्याकडे जाणाऱ्या चढावर ती मला थांबायला लावी. इथे बसायला काही आहे का, पायऱ्यांना कठडा आहे का, पाऊस पडला तर ही फरशी निसरडी होत असेल का, सगळं विचारून घेई. निळ्या टाइल्सची भिंत दिसली की पुढे वाकून बघत राही. हळूहळू तिला रस्ते माझ्यापेक्षा चांगले कळायला लागले. मी चुकीच्या वळणावर गेले तर ती म्हणायची, "मागे फीर, डावीकडे बेकरी आहे बघ."

जेवणाची चिंता मला होती, तिला नव्हती. पाव, बटाटा, काजू, अननस, हे सगळे शब्द त्यांचेच आहेत, मी उपाशी मरणार नाही, असं तिचं म्हणणं. खोलीची चावी आणि न्हाणीतली बादलीसुद्धा मराठीतूनच मागता येईल, असं ती माझ्या मुलीला सांगायची. मुलगी मान हलवून म्हणायची, "आजी, दे ऑल स्पीक इंग्लिश." आजीला त्यात काही गंमत वाटायची नाही.

आमच्या वस्तीतल्या तळ्याभोवती आईसारखे पाहुणे आलेले आईवडील फिरायला जमत. तिथल्या एका नागपूरच्या काकूंनी विचारलं, लिस्बनमध्ये काय आहे, त्यापेक्षा लंडन करा. आईने त्यांना बाकावर बसवून वसईपासून सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी काकू नवऱ्याला घेऊन आल्या, पुढचं ऐकायला.

निघायला काही आठवडे राहिले असताना कंपनीच्या वकिलाची मेल आली. मुंबईतल्या व्हिसाच्या अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या जात होत्या, काहींच्या कित्येक महिन्यांनी. सध्या देश सोडू नका, असा सल्ला होता. ओळखीतले दोघे जण आधीच पुण्यात अडकून तिथून काम करत होते, आणि त्यांच्या मुलांच्या शाळा इथे चालू होत्या. मी मेल नवऱ्याला दाखवली. त्याने दोनदा वाचली आणि म्हणाला, "रिस्क नको घेऊ यार."

आईला मी स्वयंपाकघरात सांगितलं. ती कोथिंबीर निवडत होती. हातातली काडी पूर्ण निवडून तिने बाजूला ठेवली आणि विचारलं, "नोकरीला काही धोका नाही ना?" नाही म्हटल्यावर तिने पुढची काडी घेतली.

मग तीच म्हणाली की ती एकटी जाईल. मला भीती वाटली, पण मी हो म्हटलं, आणि आम्ही पुन्हा टीव्हीसमोर बसलो. हॉटेल बदलून सपाट रस्त्यावरचं घेतलं. मराठी मंडळातल्या एका ताईंच्या ओळखीचं एक गुजराती कुटुंब लिस्बनमध्ये राहत होतं. ते आईला विमानतळावर घ्यायला यायला तयार झाले. आठवडाभर सगळं जमत आलं होतं.

एका सकाळी चहा पिताना आई म्हणाली, "तिकीट बदलून घे. मी सरळ जाते घरी."

मला वाटलं, ती घाबरली. मी गुजराती कुटुंबाचं पुन्हा सांगायला लागले. तिने मला थांबवलं.

"भीती नाही गं. त्या नदीवर जाऊन उभी राहिले, तर शेजारी सांगायला कोण असेल? फोनवर सांगायची गोष्ट नाही ती."

मी तिला समजवायचा प्रयत्न केला, नवऱ्यानेही केला. आई ऐकून घेत राहिली आणि दुपारी बॅग काढून कपड्यांच्या घड्या करायला बसली.

तिकीट बदललं. लिस्बनला आता फक्त विमान बदलायचं होतं, मध्ये काही तास. नेवार्कच्या विमानतळावर मी तिला सोडलं, तेव्हा ती माझ्या मुलीच्या परीक्षेबद्दलच बोलत होती. मुंबईला पोचल्यावर तिचा फोन आला. लिस्बनला विमान खाली येताना तिला नदी दिसली होती, रुंद, समुद्राला मिळेपर्यंत सगळी. तिथल्या विमानतळावर व्हीलचेअर ढकलणाऱ्या माणसाला तिने बोटाने दाखवत "जनेल, जनेल" म्हटलं. आमच्याकडे जुनी माणसं खिडकीला जनेल म्हणतात. त्याला ते लगेच कळलं. त्याने खुर्ची काचेपाशी नेऊन लावली, आणि पुढच्या विमानाची वेळ होईपर्यंत ती तिथे बसली. बाहेर काय दिसलं, विचारलं तर म्हणाली, विमानं आणि पलीकडे थोडी घरं.

पुढे माझ्या व्हिसाची तारीख मिळाली. मी मुंबईला गेले, दोन आठवडे वसईला राहिले आणि अडचण न येता परत आले. मी तिथे पोचण्याआधीच आई न्हाणीत पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, ती वॉकर घेऊन घरात फिरते. मी तिच्यापाशी बसून पुन्हा लिस्बनचा विषय काढला. आता व्हीलचेअरने जाता येईल असे रस्ते शोधू, म्हटलं. तिने पायावरची शाल नीट केली.

"आता तू जाऊन ये," ती म्हणाली. "मुलीला घेऊन जा."

मी म्हटलं, आपण दोघी जाऊ. ती हसली आणि तिने मला पाणी आणायला सांगितलं.

रुखरुख मला कशाची आहे, हे सांगणं अवघड आहे. तेव्हा कुणी चूक केली नाही. वकिलाचा सल्ला योग्य होता, नवरा बरोबर बोलला, आईने स्वतःचं स्वतः ठरवलं. तरी तिच्याबरोबर त्या नदीवर उभं राहून ती काय बोलली असती, हे मला कधीच ऐकायला मिळणार नाही.

या वसंतात शाळेला सुट्टी लागली, तेव्हा नवऱ्याने लिस्बनचं नाव काढलं. मुलगीही तयार होती. मी म्हटलं, यंदा डोंगरात जाऊ. आम्ही गाडीने डोंगरात गेलो, केबिन घेतली, मुलगी बापाबरोबर ट्रेल चढून आली. परत आल्यावर आईला फोन केला. तिने विचारलं, थंडी होती का, आणि आम्ही बराच वेळ थंडीबद्दल बोललो.